मोठ्यांची चिकटवही: स्क्रॅपबुकिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रॅपबुक करते असं सांगितलं की पहिल्यांदा ऐकणारे एका प्रकारचे प्रश्न विचारतात आणि कात्री हातात घेऊन बसलेले दुसऱ्याच. इथे दोन्ही एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये माझी मतं भरपूर आहेत. त्यातलं सगळ्यात ठाम मत आधीच सांगते: हा छंद साहित्याने भरलेल्या पेटीवर टिकत नाही. कोणीतरी दिलेलं छोटंसं आव्हान आणि झालेलं पान दाखवायला चार माणसं असली की तो वर्षानुवर्षं चालतो.

स्क्रॅपबुकिंग म्हणजे शाळेतली चिकटवहीच ना?

मुळात तेच. शाळेत आपण पिंपळाची पानं, पक्ष्यांची पिसं, काड्यापेट्यांचे छाप, वर्तमानपत्रातली क्रिकेटपटूंची कात्रणं चिकटवायचो आणि खाली सुवाच्य अक्षरात नाव लिहायचो. विषय बाई द्यायच्या. इथे विषय आपलं स्वतःचं जगणं असतं: लेकीचा पहिला पडलेला दात, गावाकडचं विकलेलं घर, रायगडाची चढण, एखादा साधा मंगळवार. पानावर फोटो येतो, त्या वेळची एखादी खरी वस्तू येते, म्हणजे तिकीट, चिठ्ठी, कापडाचा तुकडा वगैरे, आणि मजकूर येतो. तिन्हींतलं काही गाळायची वेळ आलीच तर मी आधी वस्तू गाळेन, मग फोटोही गाळेन. मजकूर ठेवेन.

हा छंद आला कुठून?

चित्रं आणि कात्रणं वहीत चिकटवायची हौस युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात फार वाढली. रंगीत छपाई स्वस्त झाली तशी फुलं, देवदूत, प्राणी यांची आकारात कापलेली चकचकीत चित्रं दुकानांत मिळू लागली आणि घरोघरी वह्या भरू लागल्या. लेखक मार्क ट्वेन यांनी तर पानांवर आधीच डिंकाचे पट्टे दिलेल्या वहीचं पेटंट १८७३ मध्ये घेतलं. पट्टा ओला करायचा आणि कात्रण दाबून बसवायचं.

आज आपण ज्याला स्क्रॅपबुकिंग म्हणतो त्याची सुरुवात बहुतेक जण अमेरिकेतल्या युटा राज्यात मानतात. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत कौटुंबिक नोंदी आणि वंशावळींवर एक जागतिक परिषद भरली होती. मेरीलेन ख्रिस्टेन्सन यांनी तिथे आपल्या कुटुंबाचे अल्बम मांडले. फोटो नीट जपलेले आणि शेजारी त्यांची हकिगत. लोकांनी इतकी चौकशी केली की पुढच्या वर्षी त्यांनी साहित्याचं दुकानच काढलं. युटातल्या मॉर्मन समाजात पूर्वजांची नोंद ठेवणं हे धर्मकार्य मानलं जातं, त्यामुळे बीज योग्य जमिनीत पडलं.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये कित्येक घराण्यांच्या पिढ्यांची नावं सापडतात. नाव, गाव, कोणाचा मुलगा, कधी आला. तो माणूस बोलायचा कसा, त्याला काय आवडायचं, हे मात्र कुठेच नसतं. स्क्रॅपबुक ती जागा भरते.

सुरुवातीला काय काय विकत घ्यावं लागतं?

फार कमी. २२० ते २५० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साधे कार्डशीट, एक बरी कात्री, स्टीलची पट्टी, फोटोला चालणारा गोंद किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, एक काळं पेन आणि पानं अडकवायला रिंगची फाइल. पाचशे रुपयांच्या आत बसतं. पंच (कागदातून ठरावीक आकार कापणारं हत्यार), शिक्के, साच्याने कागद कापायचं डाय-यंत्र यांतलं काहीही पहिल्या काही महिन्यांत घेऊ नका. ते सुंदर असतं, मलाही मोह होतो, पण त्याने पान तयार होत नाही.

आकाराबद्दल सांगायचं तर अमेरिकेत १२ बाय १२ इंचाचं पान रूढ आहे. आपल्याकडे तो कागद मिळायला त्रास, घरच्या प्रिंटरमधून जात नाही आणि अल्बम कपाटात बसत नाही. ए४ किंवा ८ बाय ८ इंच घ्या. अगदीच वेळ नसेल तर ए५.

‘ॲसिड-फ्री’ म्हणजे आम्लविरहित कागदाचं एवढं महत्त्व आहे का? साधा कागद आणि फेव्हिकॉल चालणार नाही?

पाच वर्षं टिकायला हवं असेल तर काहीही चालेल. नातवंडांनी बघावं असं वाटत असेल तर इथे थोडं थांबा.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाचा लगदा दळून केलेला असतो. त्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो, तो हवा-उजेडाने पिवळा पडतो, आणि कागदातलं आम्ल शेजारच्या फोटोलाही डागाळतं. म्हणून वर्तमानपत्राचं कात्रण मूळ न लावता त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स लावा, आणि मूळ हवंच असेल तर वेगळ्या पाकिटात ठेवा. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निनचा प्रश्न जवळपास नसतो आणि तो दिसतोही देखणा. आपल्या राज्यात ही परंपरा जुनी आहे. जुन्नरचा कागद एके काळी प्रसिद्ध होता, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं तर नावच त्या कामावरून पडलं.

पांढऱ्या गोंदात पाणी असतं, त्यामुळे पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. फोटोसाठी कोरडी टेप किंवा फोटोचे कागदी कोपरे उत्तम. कोपऱ्यांचा मोठा फायदा म्हणजे फोटो उद्या सहीसलामत बाहेर काढता येतो. सेलोटेप मात्र अजिबात नको. ती काही वर्षांत पिवळी पडते, सुटून येते आणि चिकट डाग मागे ठेवते. प्लास्टिकची पाकिटं घेताना पीव्हीसीची टाळा, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पाकिटावर ‘फोटो सेफ’ एवढंच लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका. फोटोवर साहित्याचा काय परिणाम होतो ते तपासणारी एक ठरलेली चाचणी आहे, आयएसओ १८९१६, तिचा उल्लेख असेल तर निर्धास्त व्हा.

साहित्य मिळतं कुठे?

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौक. हातकागदासाठी शिवाजीनगरची हातकागद संस्था. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट, जिथे एका गल्लीत कागदाचे इतके प्रकार दिसतात की यादी करूनच जावं. इतर गावांत लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये विचारा. कापून उरलेल्या सुंदर कागदाच्या पट्ट्या त्यांच्याकडे पडून असतात आणि बरेचदा ते तशाच देऊन टाकतात. शिंप्याकडचे खणाचे आणि इरकलीचे तुकडे हाही खजिना आहे.

वाशी टेप आता कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात दिसते. ती जपानमधल्या कुराशिकीच्या कामोई काकोशी या कंपनीची देणगी. ही कंपनी १९२३ मध्ये माश्या पकडायचा चिकट कागद करत सुरू झाली आणि २००८ मध्ये तिने रंगीत सजावटी टेप बाजारात आणली. अलगद निघते, पुन्हा लागते, म्हणून नवशिक्यांचा हात तिच्यावर लवकर बसतो.

‘चॅलेंज’ म्हणजे स्पर्धा का? मला स्पर्धा आवडत नाहीत.

बहुतेक चॅलेंजमध्ये नंबर नसतात, परीक्षक नसतात. कोणीतरी एक अट घालतं, बाकीचे ठरलेल्या मुदतीत त्या अटीत बसणारं पान करतात, आणि मग सगळी पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली जातात. बस, इतकंच.

अट कशाला हवी, हा त्यापुढचा प्रश्न. कोरं पान, मोबाईलमध्ये हजारो फोटो आणि समोर रंगीबेरंगी कागद असले की पहिला तास निवड करण्यातच जातो आणि आपण आवरून उठतो. अट आली की निवड कमी होते. “फक्त एक फोटो, फक्त दोन रंग, पाऊण तास” असं ऐकल्यावर हात चालायला लागतात. गझल लिहिणाऱ्याला रदीफ-काफियाचा जाच वाटत नाही, उलट पुढचा शेर तिथूनच सुचतो; चॅलेंजचंही अगदी तसंच आहे. ज्यांनी महिनोन्‌महिने एकही पान केलं नव्हतं अशा बायकांना मी एका अटीवर एका दुपारी पान पूर्ण करताना पाहिलं आहे.

कोणकोणत्या प्रकारची चॅलेंज असतात?

रंगाचं सगळ्यात सोपं. एखादी वस्तू समोर ठेवायची आणि तिच्यातलेच रंग वापरायचे. आमच्या गटात एकदा पैठणीचा पदर होता: मोरपिशी, राणी आणि जर. एकीने त्यात लग्नाचं पान केलं हे अपेक्षितच होतं. पण दुसरीने त्याच रंगांत नवऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतल्याचा दिवस मांडला, कारण त्या दिवशी तिने मुद्दाम पैठणी नेसली होती.

मांडणीचं चॅलेंज म्हणजे एक कच्चा आराखडा दिलेला असतो. डावीकडे मोठा चौकोन, खाली तीन लहान, वर पट्टी, उजवीकडे मजकूर. सगळ्यांचा आराखडा एक आणि पानं इतकी वेगळी होतात की आश्चर्य वाटतं. चित्रकलेची भीती असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी.

माझं सगळ्यात आवडतं शब्दाचं. ‘उंबरठा’ असा एकच शब्द द्या. कोणी आईच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचं पान करतं, कोणी रोजच्या रांगोळीचं, कोणी नव्या फ्लॅटला उंबरठाच नाही म्हणून जुन्या घराच्या दाराचं. ‘शिदोरी’, ‘माळा’, ‘वळचण’, ‘उधारी’ हे शब्दही फार चांगली पानं काढून घेतात. शब्द असा निवडावा की त्याला घराचा वास असेल. ‘आनंद’, ‘प्रेम’ असल्या मोठ्या शब्दांवर सगळ्यांची पानं सारखीच होतात.

घरातलंच वापरा हे चॅलेंज दर तीन-चार महिन्यांनी तरी असावं. काहीही विकत आणायचं नाही. मग आहेराची पाकिटं, लग्नपत्रिका, साडीच्या खोक्यातला पातळ कागद, बिस्किटाच्या पुड्याची चांदी असं सगळं बाहेर निघतं. कालनिर्णयची जुनी पानं तर नक्की जपा. १९७३ पासून हे कॅलेंडर निघतंय आणि कित्येक घरांत तारखेच्या चौकोनांत दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख, कोणाची तरी मुंज असं आईच्या किंवा सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्या महिन्याचं त्याहून खरं चित्र कुठला फोटो देणार?

आणि मग रोजचं चॅलेंज. अमेरिकेतल्या ॲली एडवर्ड्स यांनी ‘डिसेंबर डेली’ हा उपक्रम लोकप्रिय केला. डिसेंबरमध्ये रोज एक गोष्ट, एक फोटो, चार ओळी. त्याच धर्तीवर आपण श्रावण घेऊ शकतो, आणि माझ्या मते श्रावण डिसेंबरपेक्षा सरस आहे. सोमवारचा उपास, शुक्रवारची पुरणाची आरती, मंगळागौर, नागपंचमी, नारळी पौर्णिमा, आणि शेवटी पोळा. शिवाय मध्ये मध्ये ऊन-पाऊस. रोजचं पान पोस्टकार्डाएवढंच ठेवा, मोठं ठेवलं तर आठव्या दिवशी दम लागतो. पुण्यात राहणाऱ्यांना पालख्या शहरात मुक्कामी असतात ते दोन दिवसही छान पुरतात. कोणी पिठलं-भाकरीच्या पंगती टिपतं, कोणी रस्त्यावर ओळीने वाळत घातलेली धोतरं.

रोजचं चॅलेंज मध्येच सुटलं. आता?

राहिलेले दिवस भरून काढायच्या मागे लागू नका. आजच्या तारखेपासून पुढे चला. मधली पानं कोरी असली तरी हरकत नाही. त्या दिवसांत काय गडबड होती हे एका ओळीत लिहा. बरेचदा तीच ओळ पुढे सगळ्यात जास्त वाचली जाते.

माझ्या ओळखीत हे करणारं कोणीच नाही. गट कसा जमवायचा?

छंद असलेली माणसं शोधू नका, फोटो पडून असलेली माणसं शोधा. ती प्रत्येक इमारतीत असतात. भिशी, योगाचा वर्ग, वाचनालय, मुलांच्या शाळेतल्या आया, निवृत्त झालेले शेजारी. चार जण पुष्कळ झाले. आठाच्या वर गेलात तर टेबल पुरत नाही आणि गप्पांचे दोन कंपू होतात.

अमेरिकेत अशा एकत्र बसण्याला ‘क्रॉप’ म्हणतात आणि मे महिन्याचा पहिला शनिवार स्क्रॅपबुकिंगचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी दिवसभर बसून पानं करणारे गट असतात. आम्ही महिन्यातून एक दुपार बसतो. येताना प्रत्येकीने फोटो आधीच छापून आणायचे हा नियम सगळ्यात महत्त्वाचा, नाहीतर दोन तास मोबाईल चाळण्यात जातात. कटर, पंच, शिक्के सगळ्यांचे मिळून असतात, त्यामुळे कोणालाच मोठा खर्च पडत नाही. मधोमध एक खोका असतो. ज्याला जे नको ते त्यात टाकायचं, ज्याला हवं त्याने उचलायचं. खाणं वेगळ्या खोलीत. भजी आणि फोटो एका टेबलावर येता कामा नयेत.

शेवटचा अर्धा तास पानं मोठ्याने वाचायची. हा भाग वगळू नका. लिहिताना साधी वाटलेली ओळ दुसऱ्यांच्या कानावर पडते तेव्हा तिचं वजन कळतं, आणि पुढच्या वेळी माणूस जास्त धीटपणे लिहितो. दुसऱ्याच्या पानाबद्दल बोलताना “मस्त!” म्हणून थांबू नका. नेमकं काय भावलं ते सांगा: “आजोबांच्या चपलांचा फोटो लावलास, चेहऱ्याचा नाही, ते मला फार आवडलं.” सुधारणा मात्र विचारल्याशिवाय सुचवू नये.

दुसऱ्याचं पान बघून तसंच केलं तर चोरी होते का?

स्वतःच्या वहीत, स्वतःच्या फोटोंसह मांडणी उचलणं ही या छंदातली मान्य रीत आहे. शिकण्याचा तो उत्तम मार्ग आहे. पान लोकांना दाखवताना मूळ कल्पना कोणाची ते लिहा. विकायला ठेवायचं असेल किंवा वर्गात शिकवायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

माझं अक्षर वाईट आहे. टाईप करून लावू का?

शीर्षक टाईप करा, मजकूर हाताने लिहा. तुमच्या आजीची एखादी चिठ्ठी सापडली तर तुम्ही अक्षराचं वळण तपासणार का? पेन घेताना त्यावर ‘पिगमेंट इंक’ लिहिलेलं पाहा. शाईच्या पेनाची नेहमीची शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते आणि उजेडाने फिकी पडते.

काय लिहावं तेच सुचत नाही. “सहकुटुंब महाबळेश्वर, खूप मजा केली” याच्या पुढे जात नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. “खूप मजा केली” हे वाक्य लिहायचंच नाही अशी अट स्वतःला घाला आणि पाहा.

मजा कशात होती ते लिहा. घाटात कोणाला उलटी झाली, मक्याच्या कणसाला किती पैसे पडले, हॉटेलच्या खोलीत चार जणांत दोनच पांघरुणं होती तेव्हा कोणी कोणाची ओढली. किमती लिहाच, वीस वर्षांनी त्या वाचायला सगळ्यात गंमत येते. माणसांची बोलायची लकब जशीच्या तशी उतरवा. वडील “चला, आटपा” कसं म्हणायचे, मावशी फोन ठेवताना तीनदा “बरं मग” कशी म्हणते. फोटोत जे दिसत नाही ते लिहा: फोटो कोण काढत होतं, चौकटीबाहेर काय चाललं होतं, थोड्या वेळाने काय घडलं. प्रत्येक घरात एक माणूस असं असतं जे कायम कॅमेऱ्यामागे राहतं, त्याच्यासाठी तर एक पान राखूनच ठेवा.

पाककृतीचं पान करत असाल तर मापं आजीच्या भाषेतच राहू द्या. “मूठभर”, “बोटाच्या पेराएवढं आलं”, “वास सुटेपर्यंत”. खाली हवं तर ग्रॅममध्ये लिहा.

आणि तारीख. पूर्ण तारीख, गाव, फोटोतल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव. ‘बाळूकाका’ हा कोणाचा कोण, हे सांगणारं माणूस एक दिवस उरत नाही.

सगळे फोटो मोबाईलमध्येच आहेत. हजारांतून निवडू कसे?

सगळे निवडायचेच नाहीत. एक महिना घ्या, त्यातले दहा फोटो बाजूला काढा आणि चार छापा. लॅबमधून ४ बाय ६ इंचाचे फोटो कागदावर काढून घेतलेले घरगुती इंकजेटपेक्षा सहसा जास्त टिकतात. पासपोर्टच्या आकारातही मुद्दाम काही छापून घ्या; लहान फोटोंमुळे लिहायला जागा उरते.

एसटीचं तिकीट लावलं होतं, वर्षभरात कोरं झालं. असं का?

ते थर्मल कागदावरचं तिकीट. त्यात शाई नसतेच. कागदावर उष्णतेने काळा होणारा थर असतो, म्हणून यंत्र छापतं ते उजेड, ऊन, काही प्रकारचा गोंद आणि पीव्हीसीचं प्लास्टिक यांनी उडून जातं. दुकानाच्या पावत्या आणि एटीएमच्या चिठ्ठ्यांचंही तेच. असं काही हातात आलं की त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स चिकटवा. कंडक्टरच्या पेटीतून पंच करून मिळायची ती जुनी छापील तिकिटं मात्र छान टिकतात. कोणाच्या जुन्या पुस्तकात खूण म्हणून सापडली तर सोडू नका.

आईच्या जुन्या अल्बममध्ये फोटो चिकटून बसलेत. काढायचे कसे?

चिकट पानावर पारदर्शक प्लास्टिक बसवायचे ते अल्बम असणार. ते एके काळी घरोघरी होते आणि फोटोंचं त्यांनी फार नुकसान केलं. ओढू नका. आधी प्रत्येक पानाचा जसं आहे तसं चांगल्या उजेडात फोटो काढा, म्हणजे काही बिनसलं तरी प्रतिमा हातात राहील. मग दात साफ करायचा बिनमेणाचा धागा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या मागे सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. जिथे अडेल तिथे थांबा. एखादा निघतच नसेल तर तो पानासकट कापून ठेवा.

जुने कृष्णधवल मूळ फोटो पानावर लावूच नयेत असं माझं मत आहे. त्यांची प्रत लावा, मूळ आम्लविरहित पाकिटात ठेवा. लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत उलगडता येत नाही.

पावसाळ्यात बुरशी येते, कसर लागते. उपाय?

कोकण आणि मुंबईकरांसाठी हा खरा शत्रू. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, माळ्यावर किंवा पलंगाखाली ठेवू नका. उभे ठेवा, मध्ये थोडी हवा खेळू द्या, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. कोरड्या दिवशी अल्बम उघडून पानं चाळा, पण उन्हात वाळवू नका, रंग उडतात. पिठाची खळ वापरू नका. कसरीला ते आमंत्रणच. जुन्या घरांत पोथ्यांच्या रुमालात वेखंडाचे तुकडे ठेवायचे, तसे कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, फक्त फोटोला टेकू देऊ नका.

हे बायकांचंच आहे का?

नाही. सह्याद्रीत भटकणारे कित्येक जण किल्ल्यांच्या वह्या ठेवतात: वाटेचा हाताने काढलेला नकाशा, टाक्यांतल्या पाण्याची नोंद, मुक्कामाच्या गावात ज्यांनी जेवू घातलं त्यांची नावं. त्यात दोन फोटो लावले की स्क्रॅपबुकच झालं.

मुलांना बरोबर घ्यावं का?

जरूर, पण त्यांची वही वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. वाकडं चिकटवलेलं वाकडंच राहू द्या.

दुःखाच्या प्रसंगाचं पान करावं का?

करावं, घाई न करता. आमच्या गटात एका ताईंनी वडील गेल्यानंतर बऱ्याच काळाने त्यांचं पान केलं. त्यांच्या शर्टाच्या खिशाचं कापड, चष्म्याच्या दुकानाचं कार्ड, आणि वर्तमानपत्राच्या समासात ते कोडी सोडवायचे त्यातलं एक कोडं. अंत्यविधीचं त्यात काही नव्हतं. वाचताना त्यांचा आवाज एकदाही अडला नाही. ऐकणाऱ्या आम्हालाच हुंदका आवरेना. गटात अशा पानासाठी मुदत किंवा अट लावू नये, आणि कोणी वाचायचं नाही म्हटलं तर आग्रह करू नये.

डिजिटल स्क्रॅपबुकिंग चालेल का?

चालेल. ज्यांचे हात दुखतात, जागा नाही किंवा घरात रांगतं मूल आहे त्यांच्यासाठी तर तेच बरं. कागदाचा स्पर्श मला सोडवत नाही, ही माझी आवड झाली. फक्त वर्षातून एकदा पानं छापून घ्या. फोन बदलताना, पासवर्ड विसरताना आणि हार्डडिस्क बंद पडताना किती घरांचे फोटो गेले ते आपण सगळेच जाणतो.

पानं लोकांना दाखवताना काय काळजी घ्यावी?

मुलांच्या शाळेचा बिल्ला, घराचा पत्ता, गाडीचा नंबर, पत्रिकेवरचे फोन क्रमांक झाका. पानावर दुसऱ्याची गोष्ट असेल तर त्याला विचारा. नणंदेचं मोडलेलं लग्न हा तुमच्या वहीचा विषय असू शकेल, सगळ्यांना दाखवायच्या पानाचा नाही.

आम्ही परदेशात राहतो. इथे साहित्य भरपूर आहे, पण मराठी सोबत नाही. काही करता येईल का?

टपालाने पानांची अदलाबदल करता येते, आणि ती फार रंगते. चार-पाच जणी मिळून एक शब्द ठरवा, प्रत्येकीने पोस्टकार्डाच्या आकाराचं, म्हणजे ए६चं, एकेक पान सगळ्यांसाठी करायचं आणि पाठवायचं. प्रत्येकीच्या हातात वेगवेगळ्या गावांतल्या पानांची एक छोटी वही तयार होते. ‘चहा’ हा शब्द घेऊन पाहा: एक पान डोंबिवलीच्या फलाटावरचं, एक न्यू जर्सीतल्या बर्फातलं, एक सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर शिकवलेल्या गवती चहाचं. मजकूर मराठीतच लिहायचा अशी अट ठेवा. मुलांना वाचून दाखवताना त्यांचीही मराठी थोडी पुढे सरकते. जवळ महाराष्ट्र मंडळ असेल तर गणपती किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात एका टेबलावर वह्या मांडून ठेवा, विचारणारे आपोआप येतात.

टपालाच्या पानावर बटणं, मणी, जाड फोम लावू नका. टपालाची वर्गवारी करणाऱ्या यंत्रात पाकीट फाटतं आणि जाडी वाढली की टपालखर्चही वाढतो. खणाचा सपाट तुकडा मात्र खुशाल लावा, फक्त कडा आधी गोंदाने बसवून घ्या, नाहीतर सुटं सूत निघत राहतं.